नववीतल्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून मारतात. वर्गशिक्षिकेने काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या हायस्कूलवर तुम्ही नववीच्या वर्गशिक्षिका आहात. वर्गातला एक मुलगा हळू बोलतो, हातवारे करतो, मुलींच्यात बसतो. पोरं त्याला बायल्या, छक्का, मावशी म्हणतात. दिवाळीनंतर चिडवण्याचं मारण्यात रूपांतर झालं. मागच्या महिन्यात मुतारीत गाठून त्याची पँट ओढली आणि कुणीतरी ते मोबाईलवर काढलं, असं मुलींनी तुम्हाला सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, “त्यालाच जरा नीट राहायला सांगा की.” आईवडील ऊसतोडीला गेलेत, मुलगा आजीपाशी आहे. तुम्ही विचारता: त्याला समजावू कसं? घरी सांगू का? आणि तो खरंच ‘तसा’ असेल तर शाळेनं काय करायचं?

मॅडम, तिन्ही प्रश्न मार खाणाऱ्याबद्दल आहेत. मारणाऱ्यांबद्दल एकही नाही. तुम्हीच असं विचारता असं नाही. मराठवाड्यातल्या शाळांमध्ये मी समुपदेशनाचं काम करतो. तिथं शिक्षकांच्या बैठकीत असं प्रकरण निघालं की चर्चा पाच मिनिटांत मुलाच्या चालण्याबोलण्यावर येते आणि तिथंच रुतून बसते. म्हणून माझं सांगणं आधीच सांगून टाकतो: मुलगा काय आहे हे शोधायचं सोडा. मार कुठं बसतो, किती वाजता, कुणाकडून आणि कोणत्या मोठ्या माणसाच्या भरवशावर, हे शोधा. त्याचं उत्तर शाळेच्या हातात असतं. मुलगा काय आहे याचं उत्तर मुलाच्या हातात आहे आणि ते द्यायला तो बांधील नाही.

पण आधी तातडीचं. पँट ओढणं, हात लावणं, त्याचं चित्रीकरण करणं याला शाळेत ‘मस्ती’ म्हणतात. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा मात्र तसं म्हणत नाही. तो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, १८ वर्षांच्या आतलं कोणतंही लेकरू त्यात येतं. असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आधी शाळेनं चौकशी समिती नेमायची, खात्री करायची आणि मग कळवायचं, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. हेतू लैंगिक होता की नुसती दांडगाई होती, हे पोलीस आणि न्यायालय ठरवतील. तुम्ही ठरवत बसू नका. थेट ठाण्यात जायला कचरत असाल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला, पुढचा मार्ग ते सांगतात.

इथं बहुतेक शिक्षकांचे हात थरथरतात, कारण मारणारी पोरंही १४–१५ ची असतात आणि “त्यांचं आयुष्य बरबाद होईल” अशी भीती वाटते. ती भीती रास्त आहे, पण माहिती अपुरी असल्यानं वाढलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. गुन्हा अतिगंभीर प्रकारातला नसेल तर साधारणपणे एफआयआर न होता पोलिसांची नोंद आणि मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल यावरच काम चालतं. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून हमी अशा वाटा मंडळापुढं खुल्या असतात. शाळेत छडीनं फोडून काढण्यापेक्षा हा मार्ग त्या पोरांसाठीही बरा आहे.

आणि तो व्हिडिओ. तो कुणाकडूनही मागवून घेऊ नका. पाहू नका, पुढं पाठवू नका. ‘पुरावा’ म्हणून असा व्हिडिओ स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारे मुख्याध्यापक असतात. नागड्या लेकराचं चित्रण पसरवणं हा पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायदा या दोन्हींखाली गुन्हा आहे, मग पाठवणारा शिक्षक का असेना. खोडूनही टाकू नका. फोन कुणाचा, कुणी पाहिलं, कधी पाहिलं एवढं लिहून ठेवा आणि फोन ज्याचा आहे त्याच्या पालकांसमोर बंद करून पोलिसांच्या हवाली होईल असं बघा. मार खाल्लेल्या मुलाचं नाव कुठल्याही ग्रुपवर, बैठकीच्या इतिवृत्तात किंवा गावच्या पत्रकाराच्या कानावर जाता कामा नये. ओळख उघड करणं हाही पॉक्सोखाली गुन्हाच आहे.

आता मुलाशी बोलणं. ऑफिसात बोलावू नका. शिपाई निरोप घेऊन वर्गात आला की अख्खा वर्ग वळून बघतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची किंमत त्याला मोजावी लागते. वह्या घेऊन स्टाफरूमला यायला सांगा, किंवा एखाद्या ऑफ तासाला व्हरांड्यात, जिथं सगळ्यांना दिसतं पण ऐकू येत नाही अशा जागी. बंद खोलीत नको. वाक्य साधं ठेवा: “पोरं तुला त्रास देतात हे मला माहीत आहे. यात तुझी चूक नाही. तुला सांगायचं तेवढंच सांग, मी ऐकते.” मग गप्प बसा. बहुतेक लेकरं पहिल्या वेळी “काही नाही मॅडम” म्हणतात. ते ठीक आहे. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारा.

“तू तसा आहेस का?” हे विचारायचं नाही. “तू असं का चालतोस?” हेही नाही. आणि “थोडं मुलांसारखं राहिलास तर त्रास होणार नाही” हे तर चुकूनही नाही. प्रेमानं सांगितलेलं असलं तरी त्यात मारणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे असं तुम्ही त्याला सांगताय. तो ते आधीच करून बसलेला असतो. आरशासमोर उभं राहून आवाज जाड करून बघणारी, हात खिशात घालून चालायची सवय लावून घेणारी मुलं मी बघितली आहेत. ते जमत नाही आणि न जमल्याचं ओझं वर चढतं.

दोन गोष्टी मात्र त्याला आधीच स्पष्ट सांगा. एक, त्यानं स्वतःबद्दल काही सांगितलं तर ते तुमच्याजवळच राहील, ना स्टाफरूमला, ना आजीला. दोन, कुणी अंगाला हात लावला असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल तर मात्र ते तुम्हाला कळवावंच लागेल. आधी ‘कुणालाही सांगणार नाही’ म्हणायचं आणि नंतर सांगायचं, यापेक्षा वाईट काही नाही. वहीत नोंद करताना तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय झालं एवढंच लिहा. त्याच्या लैंगिकतेबद्दलचा तुमचा अंदाज एका शब्दानंही लिहू नका. ती वही उद्या लिपिक वाचेल आणि लिपिक त्याच्याच गावचा असेल.

जिवाबद्दल विचारायला घाबरू नका. “मरून जावं असं वाटतं का कधी?” असं सरळ विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही, असलेला बोलता येतो. तो हो म्हणाला तर त्याला त्या दिवशी एकटा घरी सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. आजीला एवढं जरूर सांगा की पोरगं फार दुःखात आहे आणि घरात फवारणीची औषधं, तणनाशकं असतील तर ती कुलपात नाहीतर शेजारच्या घरी ठेवा. आपल्याकडं कापूस-सोयाबीनच्या घरात ही बाटली दाराआडच असते. कारण सांगायची गरज नाही, ‘दुःखात आहे’ एवढं आजीला पुरतं.

मग नकाशा. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका तासाला अख्ख्या वर्गाला कोरा कागद द्या आणि शाळेचा कच्चा नकाशा काढायला सांगा: वर्ग, मैदान, पाण्याची टाकी, मुतारी, सायकल स्टँड, गेट, फाटा. मग सांगा, जिथं तुम्हाला थांबायला भीती वाटते तिथं फुली मारा. नाव लिहायचं नाही. सगळ्यांनी करायचं असल्यानं कुणा एकावर बोट जात नाही. कागद गोळा करून बघा, फुल्या दोन-तीन जागांवरच गर्दी करतात. मुलींच्या वेगळ्या, लहान चणीच्या मुलांच्या वेगळ्या, पण मुतारीमागची भिंत आणि शाळा सुटल्यावरचा फाटा बहुतेकदा सगळ्यांच्याच कागदावर असतो. मुली मानव विकास योजनेच्या, मुलींसाठीच्या निळ्या बसमध्ये बसून जातात. ज्यांच्यात तो सुरक्षित असतो त्या निघून जातात आणि हा जीपची वाट बघत त्याच पोरांच्या तावडीत उरतो.

वेळाही ठरलेल्या असतात: प्रार्थनेआधीची दहा मिनिटं, मधल्या सुट्टीची सुरुवात, ऑफ तास, शाळा सुटल्यावर. म्हणजे जेव्हा मोठं माणूस नसतं तेव्हा. एक खूण लक्षात ठेवा: मुतारीत मार खाल्लेलं लेकरू शाळेत पाणी पिणं बंद करतं. दिवसभर लघवी दाबून ठेवतं, मग पोट दुखतं, मग गैरहजेरी लागते आणि शेरा पडतो ‘अनियमित’.

यावरचा उपाय फार ग्रेट नाही, कंटाळवाणा आहे: माणूस उभं करायचं. मधल्या सुट्टीत मुतारीच्या तोंडाशी एक पुरुष शिक्षक, रोज, ठरलेल्या पाळीनं. सुटल्यावर फाट्यावर एक जण, जीप भरेपर्यंत. तुम्ही बाई असल्यानं मुलांच्या मुतारीपाशी थांबू शकत नाही, म्हणून एखादा समजूतदार सर तुमच्या बाजूला लागेल. तो आधी शोधा. मुतारीच्या दाराला आतून कडी बसवा. काही शाळा करतात तसं ‘तू मधल्या सुट्टीत ऑफिसात बस’ हे करू नका. चार दिवसांची सोय म्हणून ठीक, पण कायमचं केलं तर शिक्षा त्यालाच होते आणि मैदान मारणाऱ्यांना मिळतं. बाक बदलायचा असेल तर त्यांचा बदला.

आता भरवशाचं. पोरं मारतात ती कुणाच्या तरी हसण्याच्या आधारावर. हजेरीत त्याचं नाव आलं की मागून शिट्टी येते आणि सर हसू दाबतात. कवायतीत त्याला “बायकांसारखा काय पळतोस” असं म्हटलं जातं. ते सर वाईट नसतात, त्यांना तो विनोद वाटतो. पोरांना ती परवानगी वाटते. त्यातही स्नेहसंमेलनाची गंमत बघा. जो मुलगा वर्षभर बायल्या असतो त्यालाच डिसेंबरमध्ये लावणीला उभं करतात, कारण त्याला ‘जमतं’. साडी, गजरा, शिट्ट्या, टाळ्या, पाहुण्यांकडून शंभराची नोट. सोमवारी तोच मुलगा मुतारीत पोरांच्या हाती लागतो. त्याला नाचायचं असेल तर जरूर नाचू द्या, त्याचा तो हक्क आहे आणि कदाचित त्याच्या आयुष्यातली ती एकच सुखाची दहा मिनिटं असतील. पण निवेदन करणाऱ्या सरांनी त्यावर कोटी करायची नाही, आणि त्याला नको असेल तर ‘आपल्या शाळेत दुसरं कोण आहे’ म्हणून गळ घालायची नाही. कुणी म्हणतं, आपल्याकडं भारुडात पुरुष नऊवारी नेसतोच की, आपली परंपरा उदार आहे. ही उदारता स्टेजच्या पायरीपर्यंत असते. तिच्यावर विसंबू नका.

वर्गात शब्द कानावर आला की तिथल्या तिथं एक वाक्य: “या वर्गात कुणाच्या चालण्याबोलण्यावरून नाव ठेवायचं नाही. चल, पुढचं उदाहरण सोडव.” एवढंच, पण प्रत्येक वेळी, न चुकता. भाषण नको. प्रार्थनेत ‘कुणालाही चिडवू नये’ असं व्याख्यान दिलं की पाचशे डोळे त्या एका मुलाकडं वळतात.

मारणाऱ्या पोरांना एकत्र बोलावू नका, एकेकटं बोलवा. टोळक्यात ती शूर असतात. त्यातला एखादा नुसता सोबत असतो आणि त्याला बाहेर पडायला निमित्त हवं असतं, ते द्या. म्होरक्या बहुतेकदा कुणाचा तरी असतो: सदस्याचा, सरपंचाचा, संचालकांच्या भावकीतला. मार खाणारा कोणत्या समाजाचा आणि मारणारे कोणत्या घरचे, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते बघाच. शिव्यांत जातही येत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यात लागू शकतो. सर्वांसमोर माफी मागायला लावू नका. त्यानं मुलगा पुन्हा सगळ्यांपुढं उभा राहतो आणि बदला फाट्यावर निघतो.

मुख्याध्यापकांचं कसं करायचं? त्यांच्याशी लैंगिकतेवर वाद घालू नका, तो तुम्ही हराल. “संस्थेचं नाव खराब होईल” ही त्यांची भीती आहे. तीच धरून बोला. घटनेची माहिती, तारखा आणि तुम्ही मागितलेली व्यवस्था एका पानावर लिहा आणि आवक क्रमांक टाकून द्या. आवक क्रमांक पडलेल्या कागदाला मुख्याध्यापक तोंडी उत्तर देत नाहीत. त्यात लिहा की २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे ताब्यातल्या मुलाकडं दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ देणं हा गुन्हा आहे. की २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यानं शिक्षणसंस्थेत भेदभावाला मनाई आहे आणि तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलेलं आहे. हा मुलगा ट्रान्सजेंडर आहे असं याचा अर्थ नाही, तसं कागदात म्हणूही नका; शाळेकडं व्यवस्था असायला हवी एवढंच म्हणा. सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती फलकावर असते. तिची बैठक लावायला सांगा. नाव ऐकून ती फक्त मुलींसाठी आहे असं सगळे समजतात, पण शाळेतलं वातावरण सुरक्षित ठेवणं हे तिचं काम आहे आणि मुलगेही शाळेतच असतात.

“आमच्याकडं तक्रारच आलेली नाही” असं मुख्याध्यापक म्हणतील. तमिळनाडूत समलैंगिक, ट्रान्सजेंडर अशा ३७१ जणांच्या शाळेतल्या अनुभवांचा यूनेस्कोनं अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत शारीरिक त्रास झाला असं सांगणारे ६० टक्के होते आणि शाळेकडं तक्रार केलेले १८ टक्के. जवळपास एकतृतीयांश लोकांनी शिक्षण सुटायला हा त्रास कारणीभूत असल्याचं सांगितलं. तक्रारपेटी रिकामी असणं याचा अर्थ एवढाच की पेटी ऑफिसच्या दारात टांगलेली आहे.

घरी सांगायचं का? मार बसला, व्हिडिओ निघाला, शाळा काय करते आहे, हे पालकांना सांगावंच लागेल. ‘तुमचा मुलगा तसा आहे असं वाटतं’ हे सांगायचा अधिकार तुम्हाला नाही. त्यानं स्वतः तुम्हाला सांगितलं असलं तरी त्याच्या परवानगीशिवाय नाही. आणि कसं सांगता याला आपल्याकडं फार महत्त्व आहे. आईवडील कारखान्यावर असले की शाळेजवळ नंबर असतो तो मुकादमाचा. त्यावर फोन लावलात तर संध्याकाळपर्यंत सगळ्या टोळीला कळेल आणि बापाला टोळीपुढं लाज राखायला पोराला मारावं लागेल. मुलाला विचारा, आईचा नंबर आहे का, ती कधी एकटी असते. चुलत्याला बोलावू नका, तो ‘सरळ करायला’ येतो. आजीला हलकं धरू नका. या बाबतीत मला आज्ज्या आईबापापेक्षा कितीदा तरी शहाण्या दिसल्या आहेत; “माझं लेकरू हाय, कसंबी असू दे” हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

पालक विचारतील, “यावर काही उपचार?” तेव्हा ठाम राहा. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली आणि भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये तेच जाहीर केलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे सहमतीचे संबंध वगळले. ‘बदलून देतो’ म्हणून केलेले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कळवलं. देवऋषी अंगातलं काढायला चाबूक मारणार असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मुलाचं मन खचलेलं असेल तर त्या खचण्यावर उपचार जरूर घ्यावेत: जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरला घाटी रुग्णालय. जाताना डॉक्टरांना कारण ‘शाळेतली मारहाण, झोप नाही, जेवण नाही’ असं सांगा. आणखी मोठा झाल्यावर त्याला स्वतःलाच कुणाशी बोलायचं असेल तर मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था आहेत.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलंच. तो ‘तसा’ असेल किंवा नसेल. नाजूक बोलणारी कितीतरी मुलं मोठी होऊन लग्न करून संसार करतात आणि त्यांना पुरुषाचं आकर्षण कधी वाटलेलंच नसतं. काही लेकरं स्वतःला आतून मुलगीच समजतात, ती गोष्ट आणखी निराळी. उलट ज्याला आकर्षण वाटतं असा मुलगा तुमच्या वर्गात दणकट, कबड्डी खेळणारा, मागच्या बाकावरचा असू शकतो. तो आज सगळं बघतोय आणि शिकतोय की आपलं कळलं तर काय होतं. कधी कधी तो मारणाऱ्यांतही असतो, आपल्यावर संशय येऊ नये म्हणून. ‘तसा’ नक्की कोण हे तुम्हाला कळणार नाही, आणि म्हणूनच मुतारीपाशी माणूस उभं करणं सगळ्यांच्या कामाचं आहे.

मुलींचं तुम्ही विचारलं नाही, तरी थोडं सांगतो. मुलींच्यात मार दिसत नाही. केस बारीक ठेवणारी, खो-खोत तालुका गाजवणारी पोरगी दहावीपर्यंत शाळेची शान असते. पण एका मुलीनं दुसरीला लिहिलेली चिठ्ठी सापडली की शाळा घरी कळवते आणि महिन्याभरात तिचं लग्न ठरतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. जिथं लग्न इतकं हाताशी आहे तिथं चिठ्ठी घरी पोचवणं म्हणजे काय, याचा विचार करून मगच फोन उचला. चिठ्ठी फाडून टाका आणि दोघींना अभ्यासाला लावा. लग्न ठरल्याचं कानावर आलंच तर १०९८ आहे आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आहे.

शेवटचं, एका सूचनेबद्दल. कुणीतरी म्हणेलच, “लातूरला वसतिगृहात टाका, चार पोरांत राहिला की आपोआप मर्द होईल.” दिवसा जे होतं ते वसतिगृहात रात्री होतं आणि तिथं आजीही नसते. १९९९ चा राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा वसतिगृहालाही लागू आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं प्रमुखाला बंधनकारक आहे, पण ती तक्रार अनोळखी शहरात पंधरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं करायची असते. दुसरी वाट असते टीसीची. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यामुळं मुलाला काढता येत नाही. नववीत ते संरक्षण उरत नाही, म्हणून ‘घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने दाखला नेत आहे’ असा अर्ज लिहून घेतला जातो. तसा अर्ज तुमच्या टेबलावर आला तर आधी हस्ताक्षर कुणाचं आहे ते बघा, आणि गुढीपाडव्याला आईवडील गावी येऊन स्वतः समोर बसेपर्यंत त्यावर वर्गशिक्षिकेची शिफारस देऊ नका.